तेवीस जबान्या

साक्षीदार बसल्याशिवाय विश्राम तेंडोलकर खुर्चीत बसत नसत. बाई असली तर तिच्या कडेवरच्या पोराचंही नाव विचारत. जबानी वाचून दाखवायची वेळ आली की चष्मा काढून हातात धरत. वाचायला चष्मा लागायचा, पण तोवर जबानी पाठ झालेली असायची. शब्द अडला की डाव्या कानाची पाळी चोळत. कागदावर खाडाखोड झाली तर शेजारी सही करत आणि सहीखाली वेळ घालत, अमुक वाजून अमुक मिनिटं. चहा बशीत ओतून पीत आणि बशी स्वतः विसळत. कुणाचं इंग्रजी चुकलं तर हसत नसत. "बघू या जरा," एवढंच म्हणत. साहेबांना "येस" लगेच म्हणत, "सर" मात्र जरा मागाहून यायचं.

मधु टिपणीसला हे सगळं पहिल्या पंधरवड्यातच दिसलं, कारण त्याचं टेबल समोरच होतं. मधु कल्याणचा. साहित्य घेऊन बी. ए. झालेला. त्रेपन्न सालच्या जुलैत तो ठाण्याच्या त्या सरकारी कचेरीत उमेदवार कारकून म्हणून लागला. विश्रामभाऊ तिथले भाषांतरकार. खेड्यापाड्यातल्या माणसांनी मराठीत दिलेल्या जबान्या इंग्रजीत करायच्या, खाली 'मुळाबरहुकूम' असा दाखला द्यायचा आणि सही करायची. मुंबईत बसलेले वरचे साहेब ते इंग्रजीच वाचायचे. मूळ कागद फडक्यात बांधून दप्तरखान्यात जायचे.

मधुला आपल्या इंग्रजीचा तोरा होता. एका शिपायाने टपालावर चुकीची तारीख घातली, तेव्हा मधुने त्याच्याविरुद्ध कडक मसुदा लिहिला. त्यात 'एग्रिजस' असा शब्द घातला. घोर, अक्षम्य, अशा अर्थाने. विश्रामभाऊंनी कागद वाचला आणि कानाची पाळी धरली.

"मधु, हा कुठून आणलास?"

"पुस्तकातून."

"आणि हा त्या पुस्तकात कुठून आला, ते विचारलंस त्याला?"

मधुने नकारार्थी मान हलवली.

"लॅटिनमध्ये ग्रेक्स म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा, तो हा. पूर्वी मोठ्या माणसाला मानाने म्हणायचे. मग लोक टोमण्याने म्हणायला लागले. मान गेला, टोमणा राहिला. शब्द बरोबर आहे रे तुझा. पण त्या बिचाऱ्याने तारीख चुकवलीय फक्त. त्याच्या डोक्यावर एवढा धोंडा कशाला?"

मधुने शब्द खोडला. विश्रामभाऊ म्हणाले, "सही कर शेजारी. वेळ घाल."

त्यांचं इंग्रजी कॉलेजातलं नव्हतं. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या खेड्यातून सोळाव्या वर्षी ते मामाकडे कल्याणला आले. मॅट्रिक झाले, पुढे शिकवायला कुणी नव्हतं. सत्तेचाळीस साली ठाकुर्लीच्या रेल्वे कॉलनीतला एक इंग्रज इंजिनियर सामान विकून मायदेशी निघाला. लोकांनी आरामखुर्च्या घेतल्या, ग्रामोफोन घेतला. विश्रामभाऊंनी पुठ्ठा निघालेला जाडजूड शब्दकोश घेतला. त्यात प्रत्येक शब्दाचं कुळ आणि मूळ दिलेलं होतं. विश्रामभाऊंच्या ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत तो कोश पाटावर ठेवलेला असायचा. त्यांच्या पत्नी मंदाकिनीवहिनी म्हणायच्या, "सासूबाई असत्या तरी एवढी सेवा झाली नसती." त्यांची लहानगी मुलगी हेमा त्यावर उभी राहून फळीवरचा डबा काढायची. त्याला विश्रामभाऊंची ना नव्हती.

असा हा माणूस. चारचौघांत ओळखूही येऊ नये असा. त्याला मारलं कसं, ते आता सांगायचं.

चोपन्न सालची भाद्रपद पौर्णिमा. कळव्याच्या पलीकडे खाडीला लागून तेवीस घरांची आगरी वस्ती होती. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी घातलेला. बांध आहे तोवर शेत आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या वर्षीचं भात जातं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन काही देत नाही. मग ती फक्त मिठागराच्या कामाची. दौलतशेट नावाच्या ठेकेदाराला तिथे मिठागरच हवं होतं. लोक जमीन देत नव्हते.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला भरती पूर्ण भरायची होती. बाराच्या सुमाराला दौलतशेट चाळीस माणसं घेऊन बांधावर आला. फावडी, पहारी. स्वतःसाठी खुर्ची, डोक्यावर छत्री, दोन बाजूंना दोन बंदूकवाले. वस्ती धावत आली आणि बंदुका बघून थांबली. अर्ध्या तासात बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं. निसवलेल्या, लोंब्या आलेल्या भातात खाडी घुसली. दौलतशेट खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "रडताय काय? भात नाही तर नाही. मासळी धरा आता शेतात."

तो गेला. मग वस्तीने तेच केलं जे तिचे आजे-पणजे करत आले होते. त्या काठावर एक रीत आहे. बांध फुटला की हाकाटी होते आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो. भांडण असो, सुतक असो, दारात वरात असो. दुसरी भरती खिंडाराला लागू द्यायची नाही. ओहोटी लागताच तेवीस घरं चिखलात उतरली. खुंट ठोकले, पेंढा दाबला, माती लोटली. खिंडार माती धरेना, तेव्हा वस्तीतल्या दगडूने स्वतःच्या घराचं दार बिजागरीतून उचकटून आणलं आणि आडवं टाकलं. दिवेलागणीला बांध पुन्हा सलग झाला होता.

आणि चौथ्या दिवशी कचेरीचे साहेब पंचनाम्याला आले, तेव्हा बांध सलग होता.

विश्रामभाऊ आणि मधु सोबत होते. साहेबांनी पायातले बूट चिखलापासून सांभाळत बांधावर नजर टाकली.

"फुटलाय कुठे?"

"हतं फोरला व्हता, साहेब," दगडू म्हणाला. "आमी बांदला. त्याच सांजंला."

"कुणी सांगितलं बांधायला?"

दगडूला प्रश्न कळेना. त्याने मागे वळून लोकांकडे बघितलं. लोकांनाही कळेना.

"नवी माती हाय बगा ना, साहेब."

"नवी माती दर वर्षी पडते बांधावर. तेवढ्यावरून काय सिद्ध होतं?"

"माजे घराचा दार हाय आत. खनून बगा. मी खनतू."

साहेब हसले. "बांध खणणं गुन्हा आहे. माहीत नाही तुला?"

मधुच्या कानशिलात रक्त चढलं. त्याने विश्रामभाऊंकडे पाहिलं. ते खाली वाकून वस्तीतल्या सखुबाईंच्या नातवाला नाव विचारत होते. नाव विचारून झाल्यावर ते सरळ झाले आणि म्हणाले, "सर, मग जबान्याच उरल्या. तेवढ्या नीट घेऊ."

देवळाच्या ओट्यावर तीन दिवस जबान्या चालल्या. घरटी एक, तेवीस. पहिली सखुबाईंची. विधवा, पन्नाशीच्या. त्यांचं शेत खिंडाराच्या तोंडाशीच होतं.

साहेबांनी विचारलं, "तू फुटताना बघितलंस, की फुटल्यावर आलीस?"

"फुटल्यावं कशाला येन? मी त्यावंच हुबी व्हती. धरधरीत आमचे डोल्यांम्होरं फोरला त्यानी. सूर्य बगत व्हता, आमी बगत व्हतो. त्याला काय लाज नाय वाटली."

"भरतीच्या जोराने फुटला असेल."

"भरतीला हात आन पहार कवापासना आली रं बाबा?"

ओट्यावर सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

कचेरीत परतल्यावर विश्रामभाऊ त्या एका वाक्यापाशी अडले. सकाळभर कान चोळत होते. धरधरीत, म्हणजे धडधडीत. उघडपणे म्हटलं तर हलकं पडत होतं. निर्लज्जपणे म्हटलं तर दौलतशेटचा स्वभाव सांगितल्यासारखं होत होतं, बाईंना सांगायचं होतं ते कृत्य. दुपारी त्यांनी टेबलावर हात आपटला. तो आवाज त्या खोलीत कुणी आधी ऐकला नव्हता.

"फ्लॅग्रंट," ते म्हणाले. "मधु, फ्लॅग्रंट."

"उघड उघड केलेलं. ढळढळीत. हो, बसतो."

"बसतो नव्हे रे. तोच आहे. लॅटिनमध्ये फ्लॅग्रारे म्हणजे जळणं, पेटणं. कायद्याच्या लॅटिनात एक वाक्प्रयोग आहे, गुन्हा जळत असताना पकडलेला माणूस. विझून राख झाल्यावर मागाहून शोधलेला नव्हे. ज्वाळा दिसताहेत, धग लागतेय, आणि तो तिथेच उभा आहे. त्यातून पुढे हा शब्द उघड्या अपराधाला लागला. आणि आपण धडधडीत म्हणतो ते काय? आग कशी पेटते? धडधडून. हजारो मैलांवर दोन भाषा, एकमेकींची तोंडं न बघता, उघड्या अपराधाला एकच उपमा देतात. आगीची. त्या म्हातारीने ओट्यावर बसून ती दिली आणि आम्ही सकाळपासून कोश चाळतोय."

मधुने त्यांना एवढं एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आग आहे, मधु. आगीला साक्षीदार लागतात. ती विझली की कुणी विश्वास ठेवत नाही. या लोकांनी स्वतःच्या हातांनी विझवली. शहाणी माणसं ती, विझवणारच. म्हणून आपल्या कागदावर ती जळत राहिली पाहिजे."

कचेरीत परतल्याच्या पाचव्या दिवशी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. मधुला सगळं ऐकू येत होतं, आणि त्याने ऐकलं.

"हा शब्द कुणाचा, तेंडोलकर?"

"सखुबाईंचा. सर."

"सखुबाई इंग्रजी बोलली?"

"मराठी बोलल्या. त्या जे बोलल्या ते इंग्रजीत लिहिलंय."

"हे विशेषण आहे. मत आहे. आपल्याला फॅक्ट्स हव्यात."

"बरं. विशेषण काढतो. मग बाकीचं ठेवाल? बारा वाजता, चाळीस माणसं, पहारी, बंदुका. त्या फॅक्ट्स आहेत."

आत कागद सरकवल्याचा आवाज आला.

"मी टाइप करून घेतलंय. यावर सही करा."

विश्रामभाऊ वाचत असावेत. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला.

"तेवीस माणसांच्या तोंडी एकच वाक्य आहे. बांध भरतीच्या जोराने खचला असे ऐकिवात आहे."

"थोडक्यात तेच म्हणतात ते."

"त्यांतला एकही असं म्हणाला नाही."

"अहो, मुंबईत मूळ कोण वाचणार आहे?"

"मी वाचलंय ना."

"तेंडोलकर, तुम्हाला संसार आहे."

"आहे. त्या तेविसांनाही आहे."

ते बाहेर आले. टेबलाशी बसले. नेहमीसारखा बशीत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मधुला बोलावून एक मसुदा दिला, स्वच्छ टाइप करायला. विश्राम तेंडोलकर यांना कामावरून तहकूब करण्यात येत आहे. कारण, वरिष्ठांच्या आज्ञेचा भंग. आणि भंग कसला, तर फ्लॅग्रंट.

मधुने तो टाइप केला. हे लिहिताना लपवायचं कारण नाही. उमेदवारी संपायची होती, घरी वडील आजारी होते, हात यंत्रावर होते आणि हातांनी काम केलं. एकेक अक्षर मारताना त्याला वाटत होतं, आता बोटं थांबतील. थांबली नाहीत.

विश्रामभाऊंनी हुकूम वाचला. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "म्हणजे हा शब्द त्यांना येतो तर," ते म्हणाले.

"भाऊ, तो मी टाइप केला."

"दिसतंय. तुझं टायपिंग सुधारलंय." मग त्याचा चेहरा बघून म्हणाले, "अरे, तुला संताप येतोय ना? येऊ दे. जपून ठेव. पण तुझ्यावर नको. तो वाया जाईल."

वस्तीने मुंबईला वरच्या दरबारी अर्ज करायचं ठरवलं. मुदत होती पंचावन्नच्या जानेवारीची एकतीस. अर्जासोबत सगळ्या जबान्यांचं दाखल्यासह इंग्रजी भाषांतर हवं होतं; दाखला कुणाही इंग्रजी जाणणाऱ्याचा चालत होता. एक जरी कमी असली तरी अर्ज परत. विश्रामभाऊ म्हणाले, "नोकरी तहकूब आहे, इंग्रजी तहकूब नाही." मूळ जबान्या कचेरीत होत्या. त्यांच्या नकला मधुने केल्या. जेवणाच्या सुट्टीत, दप्तरखान्यात उभ्याने, रोज थोड्या. पकडला असता तर तोही गेला असता. हातांनी टाइप केलेलं पाप त्याच हातांनी फेडत होता म्हणा.

दिवाळीपासून ठाकुर्लीत काम सुरू झालं, आणि मधुचा दुसरा संताप सुरू झाला, खुद्द विश्रामभाऊंवरचा. ते घाई करत नव्हते. एकेक जबानी इंग्रजीत उतरवायची, मग कळव्याला जायचं, त्या माणसाला समोर बसवायचं, आणि आपलं इंग्रजी पुन्हा मराठीत करून वाक्यावाक्याने ऐकवायचं. तो म्हणाला हे माझं, की मगच दाखला.

"भाऊ, डिसेंबर उजाडला. दहाच झाल्यात," मधु म्हणाला.

"दहा पक्क्या झाल्यात."

"कशाला जायचं दर खेपेला? तुमचं भाषांतर चुकलंय का कधी?"

"सखुबाई परवा म्हणाल्या, मी उभी होते ते लिहिलंस, पण आम्ही सगळे उभे होतो ते नाही लिहिलंस. सांग, चुकलं की नाही?"

"मुदत गेली तर त्या पक्क्या जबान्यांचं काय करायचं? लोणचं?"

मंदाकिनीवहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी समजवा. मोहन्याच्या कारखान्यात इंग्रजी पत्रं लिहायला माणूस हवाय म्हणून निरोप आला, तर म्हणतात फेब्रुवारीत बघू."

"फेब्रुवारीत बघू," विश्रामभाऊ म्हणाले. मग मधुकडे वळले. "हे बघ, तेवीस माणसांच्या तोंडात त्याने एक वाक्य कोंबलं. मी न विचारता, न ऐकवता, भराभर लिहीत गेलो तर मीही माझंच वाक्य कोंबणार. जरा चांगलं, एवढंच. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक इंग्रजीचा राहील फक्त."

मधु चिडून निघून गेला. आठ दिवस गेला नाही. तेवढ्यात त्यांनी आणखी दोन केल्या. नंतर मधु स्वतः कळव्याला सोबत जाऊ लागला. लोक वाक्य ऐकायचे, मान हलवायचे, मध्येच थांबवायचे. "चालीस नाय, भाऊ, मी मोजलं नाय. लय व्हते, असा लिव." विश्रामभाऊ खोडायचे, सही करायचे, वेळ घालायचे.

संक्रांतीला सतरा झाल्या होत्या.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी ते कळव्याला निघायला शर्ट घालत होते. मंदाकिनीवहिनी सांगतात, तीन बटणं लावली, चौथ्यावर हात थांबला, आणि ते भिंतीला धरून खाली बसले. हेमा पाणी घेऊन आली. पाणी प्यायला ते नव्हते. वय बेचाळीस. डॉक्टर म्हणाले हृदय. मधु दारात उभा राहिला आणि त्याला रडू आलं नाही. त्याला कुणाला तरी धरून जाब विचारायचा होता, आणि धरायला समोर कुणी नव्हतं.

कचेरीत शोक पाळला गेला. तहकूब माणसासाठी पाळतात की नाही यावर आधी थोडी चर्चा झाली. मग साहेब उदारपणे म्हणाले, पाळू. दोन मिनिटं उभं राहायचं होतं. एका मिनिटाने साहेबांनी घड्याळ बघितलं.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी कळव्याच्या चौकशीचा अहवाल मुंबईला रवाना झाला. जावकाची नोंद मधुकडे होती. पाकीट बंद करण्याआधी त्याने तो वाचला. शेवटी एक टीप होती. संबंधित भाषांतरकार मयत झाल्यामुळे जबान्यांचे समग्र भाषांतर जोडता आले नाही, सबब गोषवारा जोडला आहे. गोषवारा म्हणजे ते एक वाक्य.

चार महिने त्या माणसाला कचेरीची पायरी चढू दिली नव्हती. आणि आता म्हणे तो मेला म्हणून भाषांतर राहिलं. जिवंतपणी सही दिली नाही, तर मरणाची सही घेतली. मधु पाकीट हातात घेऊन साहेबांच्या खोलीत गेला.

"सर, ही टीप खोटी आहे."

"तुमची उमेदवारी कधी संपते, टिपणीस?"

"आज," मधु म्हणाला. आपला आवाज कुठून आला ते त्याला कळलं नाही. पाकीट त्याने टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर पडला. पाकीट अर्थात गेलंच, दुसऱ्याच्या हाताने. दौलतशेटची माणसं त्या आठवड्यात बांधावर येऊन मोजणी करून गेली.

मधु कचेरीतून थेट ठाकुर्लीला गेला. मुदतीला सहा दिवस होते. मंदाकिनीवहिनींनी काही न विचारता ट्रंक उघडून कागद त्याच्यापुढे ठेवले. वरच्या सतरा जबान्या दाभणाने शिवलेल्या, प्रत्येकीखाली दाखला, सही, तारीख. अठरावी दगडूची. इंग्रजी पुरं झालेलं होतं, अक्षर तेच, ठसठशीत. शेवटच्या ओळीखाली 'मुळाबरहुकूम' लिहिलेलं नव्हतं. तिथे पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, 'रविवारी ऐकवणे. मगच सही.' तिच्याखाली पाच जबान्यांच्या मधुने केलेल्या नकला होत्या, एकोणीस ते तेवीस. त्यांना अजून हात लागला नव्हता.